विश्वस्ताच्या जागी कुणाचं नाव

सात रस्ता चौकाजवळच्या वकिलीणबाईंच्या ऑफिसात सुंदरम्मा आल्या, तेव्हा शिवू त्यांचा पदर धरूनच जिना चढला. वय चौतीस, समज सहा वर्षांच्या पोराची. त्याची दाढीसुद्धा आईच करायची.

"मृत्युपत्र करायचंय. घर माझ्या नावावर हाय, ते शिवूला द्यायचं," सुंदरम्मा म्हणाल्या.

ऋतुजा वकिलांनी शिवूकडं पाहिलं. "थेट त्याला दिलंत, तर उद्या कुणीही गोड बोलून त्याचा अंगठा घेईल. मृत्युपत्रातच ट्रस्ट करू. वरच्या मजल्याचं भाडं शिवूसाठीच खर्चायचं. कारभार विश्वस्त बघेल, पण घरावर त्याची मालकी नसेल. असं कोण आहे?"

"माझे दीर, मडिवाळप्पा."

"वय?"

"पंचाहत्तर."

"तुमच्याहून मोठे. तरुण कुणी?"

सुंदरम्मांनी शिवूची कॉलर सारखी केली. मग म्हणाल्या, "लेक हाय. विजापूरला नर्स."

बारा वर्षांपूर्वी त्या लेकीनं, धनलक्ष्मीनं, जातीबाहेर लग्न केलं. सुंदरम्मांच्या नवऱ्यानं, सिद्धलिंगप्पांनी, तिचं नाव घरात काढायचं नाही असं बजावलं आणि सुंदरम्मा त्यांना एका शब्दानंही आडव्या गेल्या नाहीत. दोन वर्षांमागं ते वारले, तरी लेकीला कळवायचा धीर झाला नाही. नंबर पाठ होता. दोनदा तर स्टँडवर जाऊन विजापूरच्या गाडीपाशी उभ्या राहिल्या, गाडी सुटली तशा माघारी आल्या.

ऑफिसच्या जिन्यात उभं राहून त्यांनी फोन लावला.

"धना?"

"अव्वा?"

लेकीनं आईचा आवाज ओळखला होता. ती म्हणाली, "अप्पा गेल्याचं मला शेजारच्या कल्लप्पाकाकांकडून कळलं. तेराव्या दिवशी."

"चुकलं गं माझं."

"आज कशाला फोन केलास?"

सुंदरम्मांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे काम पडलं म्हणून."

"व्हय. काम पडलं म्हणून तरी धीर झाला बघ."

धनलक्ष्मीचा आवाज एकदम हळू झाला. "शिवूला दे."

शिवूनं फोन दोन्ही हातांनी धरला. "अक्का, तू येणार की?"

धनलक्ष्मी गुरुवारी वकिलांच्या ऑफिसात आली. केस कानाजवळ पांढरे झालेले. आईच्या पाया पडली, पण गळ्यात पडली नाही. मृत्युपत्राचा मसुदा ओळ न् ओळ वाचून एका ठिकाणी तिनं बोट ठेवलं. शिवूच्या पश्चात घर धनलक्ष्मीला, असं तिथं लिहिलं होतं.

"हे काढा. शिवूसारख्या मुलांच्या शाळेला द्या. मी कारभार बघीन, घर नको."

"माझं एवढं तरी घे की," सुंदरम्मा म्हणाल्या.

"नको, अव्वा."

ऋतुजा वकील म्हणाल्या, "मृत्युपत्र आईंचं आहे, त्या सांगतील तसं." सुंदरम्मांनी लेकीकडं पाहिलं आणि मान हलवली. ओळ बदलली. दोन साक्षीदारांसमोर त्यांनी सही केली.

खाली रस्त्यावर त्यांनी विचारलं, "घरी चल की. शेंगापोळ्या केल्यात."

"आज नको. त्या दारात अप्पा काय बोलले, ते अजून कानात हाय. शिवूच्या गोळ्या-औषधं शिकून घ्यायला मी रविवारी रविवारी येईन. स्टँडवर त्याला घेऊन ये."

तशी ती येत राहिली. भावाला बागेत न्यायची, संध्याकाळी आईच्या हवाली करून गाडीत बसायची. सुंदरम्मा दर रविवारी तीन ताटं मांडायच्या आणि एक उचलून ठेवायच्या.

आठव्या रविवारी त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून कल्लप्पा शिवूला स्टँडवर घेऊन गेले. संध्याकाळी धनलक्ष्मीच त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत घेऊन आली. सुंदरम्मा उंबऱ्यात उभ्या होत्या. मधे दहा-बारा घरं. शिवू पळत आईकडं आला, धनलक्ष्मी तिथंच थांबली.

"रंग कधी दिलास घराला?" तिनं लांबूनच विचारलं.

"तू गेल्यावर, दुसऱ्या वर्षी."

"बरा दिसतो," ती म्हणाली. अजून थोडा वेळ बघत राहिली आणि मग स्टँडकडं वळली.

ती दिसेनाशी झाली, तरी सुंदरम्मांनी दार लावलं नाही.