बॅकस्पेसचा कायमचा इलाज

बुटीबोरीच्या आमच्या सूतगिरणीत स्टॉकचा प्रोग्राम अजून जुन्या काळ्या पडद्यावरच चालतो. यंदा नवे कीबोर्ड आले आणि बॅकस्पेस दाबलं की अक्षर खोडलं जाण्याऐवजी टोपीसारखी खूण आणि प्रश्नचिन्ह उमटू लागलं. बाकीच्यांनी शिव्या घातल्या. शेजारच्या टेबलावरचा पियुष मात्र खुश. इलाज उन्नतीला ठाऊक होता, आणि उन्नती बदली होऊन सुरतला गेली होती.

रोज सकाळी स्पीकरवर फोन. "उन्नती, ते टोपीवालं पुन्हा येऊन राहिलं वं."

"एसटीटीवाय इरेज लिही, जागा सोड, तेच बटण दाब, एंटर."

तेवढ्यावर दिवस निघायचा. लॉगआउट केलं की पुन्हा तेच. एवढी ओळ आमच्या चहावाल्यालाही पाठ झाली होती. पियुषला होत नव्हती. आपला फायदा कशात आहे, ते माणसाला बरोबर कळतं.

शुक्रवारी उन्नती म्हणाली, "मी किती दिवस पुरणार तुले? ही ओळ तुझ्या प्रोफाइल फाईलमध्ये टाकून दे. लॉगिन केलं की आपोआप चालते. कायमचा इलाज."

त्याने फाईल उघडली, ओळ टाइप केली. मग सेव्ह करण्याआधी शेवटून एकेक अक्षर खोडत गेला. त्या दिवशीपुरतं बटण उत्तम चालत होतं.

"झालं," तो म्हणाला. "बसलं कायमचं."

"चला, सुटला तू," ती म्हणाली. सुटल्याचा आनंद तिच्या आवाजात मला तरी सापडला नाही.

सोमवारी टोपी आली. पियुषने मोबाईल उचलला आणि तसाच खाली ठेवला. आपण स्वतःला कुठे कोंडून घेतलं, ते तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. ती ओळ काही त्याने स्वतः टाइप केली नाही. चुकू नये म्हणून दिवसभर एकेक बटण बघून दाबत राहिला.

"लाव ना गा फोन," शेवटी मीच म्हटलं.

"काय सांगू, भारतीताई? झालं म्हणून सांगितलं ना मी तिले."

"मग सांग, नाही झालं."

"ती विचारन ना, काहून नाही झालं?"

"विचारू दे."

संध्याकाळी कंपनीची बस लागली. सगळे उठले, तो बसूनच. सवयीने स्पीकरवरच फोन लावला.

"उन्नती, ती ओळ मीच खोडली होती."

ती हळूच म्हणाली, "काहून?"

पियुषने माझ्याकडे पाहिलं. उत्तर ऐकायची मला फार इच्छा होती. तरी डबा उचलला आणि बसकडे निघाले.