सगळ्यांचं एकशेवीस–ऐंशी

बुधवार, १२ फेब्रुवारी. इकडे फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा, सकाळी आठ वाजताच छत्तीस अंश. आकाश पांढुरकं, नदीकडून झुळूक नाही, झाडाचं पानही हलत नाही.

मी बीपी मोजायचं यंत्र बोलतोय. एक कापडी पट्टा, दोन रबरी नळ्या, हाताने दाबायचा फुगा आणि काट्याची गोल तबकडी, एवढाच माझा संसार. सध्या मी पिलार गावातल्या नर्सिंग शाळेच्या व्हरांड्यात, नीमिया ओवेलार या मुलीच्या मांडीवर, कापडी पिशवीत बसलो आहे. आज तिची पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. तिसरी आणि शेवटची खेप. पाचपैकी दोन मिळाले तर पास, एक मिळाला तर नापास. आज नापास झाली तर सगळं वर्ष पुन्हा, आणि तिच्या मावशीने स्पष्ट सांगून ठेवलंय, "पुन्हा वर्ष काढायला मी जिवंत आहे की नाही ठाऊक नाही. नापास झालीस तर भट्टीवर ये, चिपा भाज."

नीमियाला चिपा, म्हणजे चीज घातलेला छोटा पाव, उत्तम भाजता येतो. पण तिला नर्स व्हायचंय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते खोक्यावर छापलेलं होतं, पण खोकं पहिल्याच महिन्यात भिजलं. माझे पहिले मालक अनास्तासिओ काका. नदीकाठच्या आरोग्यकेंद्रात एकोणीस वर्षं त्यांनी मला वापरलं. त्यांची एक सवय होती. ठोका नीट ऐकू आला नाही की ते मोठ्याने म्हणायचे, "परत." मग दोन मिनिटं पेशंटशी मासेमारीच्या गप्पा मारायचे आणि पुन्हा मोजायचे. त्यात लाज वाटण्यासारखं काही असतं हे मला पुढे नीमियाच्या हातात आल्यावर कळलं.

काका गेले. मी कपाटात पडून राहिलो, झुरळांनी माझ्या पट्ट्यात घर केलं. मग दिग्ना मावशीने त्यांच्या बायकोकडून मला मागून आणलं. बदल्यात दर रविवारी गरम चिपा पोचवायचा, असं ठरलं. दिग्ना मावशी म्हणजे नीमियाची मावशी. बसथांब्यावर डोक्यावर टोपली घेऊन चिपा विकते. तिने मला ओल्या फडक्याने पुसलं आणि भाचीच्या हातात ठेवलं. "घे. आता तुझं शिक्षण अडायला नको."

शिक्षण अडलंच, पण कसं ते सांगतो.

नीमिया आळशी नव्हती. पहाटे चारला उठून मावशीबरोबर पीठ मळायची, सातला वर्गात, तीनला परत. मग बसून पाठांतर. नोट्सच्या झेरॉक्सवर ती पिवळ्या पेनने महत्त्वाच्या ओळी रंगवायची. पण सगळ्याच महत्त्वाच्या वाटायच्या. शेवटी अख्खं पान पिवळं व्हायचं आणि उरलेली एखादी पांढरी ओळच डोळ्यात भरायची. बीपी मोजायच्या चौदा पायऱ्या ती झोपेतही म्हणू शकली असती. पेशंटला पाच मिनिटं बसवा, पाय एकावर एक नकोत, हात छातीच्या उंचीवर, पट्टा कोपराच्या वर दोन बोटं. सगळं बिनचूक. लेखी परीक्षेत तिला चार मिळाले.

अडचण एकच होती. तिला ठोके ऐकू यायचे नाहीत.

हे काम दोघांचं असतं. मी दंड आवळून रक्त थांबवतो, मग फुग्याची हवा हळूहळू सोडली की माझा काटा खाली येतो. रक्त पुन्हा वाहायला लागलं की कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथोस्कोपमध्ये टक्‌ टक्‌ सुरू होतं. पहिला ठोका हा वरचा आकडा, ठोके थांबतात तो खालचा. काटा मी दाखवतो. ऐकायचं माणसाने.

नीमियाच्या कानात मात्र नुसती विहिरीच्या तळाशी असते तशी घुमघुम. पहिल्या दिवशी मार्चमध्ये तिने आजूबाजूला पाहिलं. बाकीच्या मुली भराभर आकडे लिहीत होत्या. "ऐकू आलं नाही" असं कुणीच म्हणत नव्हतं. तेव्हा तिनेही पुस्तकातला आकडा लिहिला. एकशेवीस–ऐंशी.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या वर्गात बत्तीस मुठी होत्या आणि त्यातल्या निदान वीस रिकाम्या, हे मी शपथेवर सांगतो. टेबलावर आम्ही यंत्रं शेजारी शेजारी पडलेलो असायचो, आम्हाला एकमेकांचे काटे दिसायचे. एकाचा काटा एकशेदहाला थरथरायचा, दुसऱ्याचा एकशेचाळीसला. वहीत मात्र सगळे एकाच आईचे.

शिकवणाऱ्या प्लासिदा बाई वह्या चाळायच्या आणि चष्म्यावरून बघायच्या. "वा. या गावात कुणाला काही झालेलंच नाही. उद्यापासून दवाखान्याला कुलूप लावू, आपण सगळे मासे पकडायला जाऊ."

मुली हसायच्या. नीमियाही हसायची, सगळ्यात मोठ्याने.

नोव्हेंबरमध्ये पहिली परीक्षा. बाईंकडे दोन जोड्या कानांचा एक स्टेथोस्कोप आहे. एक जोडी मुलीच्या कानात, दुसरी बाईंच्या, म्हणजे दोघींना एकच ऐकू जातं. खुर्चीवर एक धिप्पाड खाटीक बसला होता. नीमियाने हवा सोडली, गंभीर चेहरा केला आणि म्हणाली, "एकशेवीस–ऐंशी."

"एकशेचौसष्ट–शहाण्णव," बाई म्हणाल्या. "तू सांगितलंस ते कुणाचं?"

एक गुण. डिसेंबरमध्ये दुसरी परीक्षा. तोवर नीमियाने सुधारणा केली होती, पण मोजण्यात नाही, थापेत. एका किडकिडीत शिंपिणीचा हात धरून ती म्हणाली, "एकशेतीस–पंच्याऐंशी." खरं होतं एकशेआठ–सत्तर. पुन्हा एक. बाईंचं लक्ष माझ्या तबकडीवर, नीमियाच्या कानांवर मोकळे केस. तेव्हा दोष कुठे आहे ते दोन्ही वेळा कुणाला दिसलं नाही. मला दिसत होतं, पण मला तोंड नाही.

नोव्हेंबरपासून घरी सराव चालायचा तो मावशीवर. संध्याकाळी दिग्ना मावशी दंड पुढे करायची. "बघ बाई, तुझी मावशी किती दिवस टिकतेय."

"एकशेवीस–ऐंशी, मावशी."

"म्हणजे घोडीसारखी ठणठणीत. ते खारं चीज आण इकडे."

मी तिथेच होतो. माझ्या अंदाजाने ते एकशेऐंशीच्या पुढे होतं, कारण तो दंड आवळायला मला खूप जोर लावावा लागायचा. मी काटा जमेल तेवढा थरथरवून दाखवला. नीमिया वहीत आकडा लिहीत होती.

शनिवारी, १८ जानेवारीला, दुपारी बसथांब्यावर मावशीने टोपली खाली ठेवली आणि स्वतःही खाली बसली. डोकं फुटतंय म्हणाली. आरोग्यकेंद्रात नेलं, तिथल्या नर्सने दोनदा मोजलं. एकशेनव्वद–एकशेदहा. गोळ्या दिल्या, मीठ बंद, चार दिवस भट्टीजवळ जायचं नाही.

"पण माझी भाची रोज मोजते," मावशी नर्सला सांगत होती. "नर्सिंगला आहे ती. काल एकशेवीस होतं."

नीमिया दाराशी उभी होती. घरी आल्यावर तिने मावशीला सांगून टाकलं. खाली मान घालून, एका दमात.

मावशीने आपल्या दंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे दोन महिने तू नुसता माझा दंड आवळत होतीस?"

"हो."

"आणि मी तेवढ्यावर चीज खात होते."

"हो, मावशी."

"बरं. आता हे मला सांगून काय उपयोग? मी चिपा विकते. जिला सांगायला हवं तिला जाऊन सांग."

सोमवारी, सुट्टीत, भर उन्हात नीमिया मला पिशवीत घालून प्लासिदा बाईंच्या घरी गेली. बाई अंगणात सावलीला बसून तेरेरे, म्हणजे बर्फाच्या पाण्यातला पाल्याचा गार चहा, पीत होत्या. त्यांनी पेला पुढे केला, नीमियाने घेतला नाही.

"बाई, मला ऐकू येत नाही."

"मग कानाच्या डॉक्टरकडे जा. मी काय करू?"

"बाकी सगळं येतं. ठोके येत नाहीत. कधीच आले नाहीत."

"कधीच म्हणजे कधीपासून?"

"मार्चपासून."

बाईंनी पेला खाली ठेवला. "मार्चपासून तू मला आकडे सांगतेयस, पोरी."

"पुस्तकातले होते."

"आणि विचारलं का नाहीस?"

"कुणीच विचारत नव्हतं. मला वाटलं मी एकटीच मठ्ठ."

"दरवर्षी प्रत्येकीला असंच वाटतं," बाई म्हणाल्या. "बांध पट्टा. माझा हात घे. नेहमी करतेस तसंच कर."

उकाड्यामुळे नीमियाने केस वर बांधले होते. तिने स्टेथोस्कोप कानात घातला, मला फुगवलं. बाई या वेळी माझ्या काट्याकडे बघत नव्हत्या, तिच्याकडे बघत होत्या.

"थांब. ती कानातली टोकं कुठे बघतायत?"

"मागे."

"आणि कानाचं भोक आत कुठे जातं? बोट लावून बघ. नाकाकडे. पुढे. काढ आणि उलटं घाल."

एवढंच. माझ्या एकोणीस आणि एक वर्षांच्या नोकरीत मी हे हजारदा पाहिलं होतं. सगळं पाठांतर केलेल्या मुलीला ही एक गोष्ट कुठल्याही पिवळ्या ओळीत सापडली नव्हती. बाईंनी पहिल्या तासाला ती सांगितली होती, पण तेव्हा नीमिया पहाटेच्या पिठामुळे मागच्या बाकावर डुलक्या घेत होती. हे मी चहाडी म्हणून नाही, नोंद म्हणून सांगतो.

तिने टोकं फिरवली, हवा सोडली. काटा एकशेअठ्ठावीसला आला आणि ती दचकली.

"बाई, कुणीतरी दार वाजवतंय."

"दार नाही, मी आहे. पुढे ऐक."

पुढचे तीन आठवडे तिने गल्लीतला एक दंड सोडला नाही. सत्तावन्न माणसं. लोक तिला बघून शर्टाच्या बाह्या वर करायचे. मावशीचं रोज सकाळ-संध्याकाळ मोजायचं. गोळ्यांनी ते उतरत एकशेअडतीसपर्यंत आलं. बिनमिठाच्या जेवणाबद्दल मावशी रोज तक्रार करायची. "हे जेवण आहे की शिक्षा?" नीमियाने पाठांतराची पद्धतही बदलली. ती आणि मिर्ता नावाची तिची मैत्रीण एकमेकींना मोठ्याने विचारायला लागल्या, आणि ज्याचं उत्तर येत नाही त्याखालीच पिवळी रेघ मारायच्या. पानं बरीच पांढरी दिसू लागली. रात्री नऊला दिवा बंद.

तर आजची सकाळ. दाराआडून नाव पुकारलं गेलं. आत पंखा खडखडत होता. खुर्चीवर सिरिलो काका, होडी चालवून हात दोरखंडासारखे झालेले. बाईंनी दोन जोड्यांचा स्टेथोस्कोप दिला. नीमियाने टोकं पुढे करून कानात घातली.

"पोरी, लवकर आटप. तिकडे माझी होडी तापतेय," काका म्हणाले.

"काका, मोजताना बोलू नका. आकडा चढतो."

"चढला तर मग मला दोन गुण जास्त द्या."

नीमिया हसली, पण फुगा दाबत राहिली. मी दंड आवळला. तिने हवा सोडायला सुरुवात केली आणि तेवढ्यात खिडकीखालून भाजीवाल्याची गाडी गेली. कर्ण्यावर टरबूज, मक्याची कणसं, सगळ्यांची नावं. गाडी गेली तेव्हा माझा काटा एकशेवीसच्या खाली उतरला होता आणि ठोके केव्हाच सुरू झाले होते. पहिला ठोका हुकला होता.

नीमियाचे ओठ हलले. काय येणार ते मला माहीत होतं, बाईंनाही असावं, कारण त्यांनी पेन उचललं.

"पहिला ठोका ऐकू आला नाही," नीमिया म्हणाली. "हवा पूर्ण सोडते. दोन मिनिटं हात विसावू दे. मग परत."

"वेळ दहा मिनिटांचा आहे," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे."

ती दोन मिनिटं मी टेबलाच्या कडेला लटकत काढली. काका खिडकीबाहेर बघत होते. नीमिया घड्याळाकडे. बाईंनी कागदावर काहीतरी खोडलं. मग पुन्हा पट्टा, पुन्हा फुगा, पुन्हा हवा.

"एकशेसेहेचाळीस–अठ्ठ्याऐंशी."

बाईंनी आकडा कागदावर उतरवला. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा नीमियाचं काकांचा पट्टा सोडवून त्यांना धन्यवाद म्हणायचं राहिलं होतं, हात धुवायचेही राहिले होते. पायऱ्या तेरा आणि चौदा.

आता आम्ही पुन्हा व्हरांड्यात. माझं वेल्क्रो धरत नाही, मावशीने त्याला दोन टाके घातलेत. फुग्याला बारीक चीर आहे. अजून एखादं वर्ष निघेल. माझ्यानंतर दुसरं कुठलं यंत्र तुमच्या दंडाला बांधलं जाईल, तेव्हासाठी एक सांगून ठेवतो. मोजणारीने "परत" म्हटलं तर कुरकुरू नका. हात पुढे करा. आणि मोजणारी तुम्ही असाल, तर कानातली टोकं आधी बघा.

अकरा वाजून वीस मिनिटांनी बाईंनी दारावर यादी लावली. नववी ओळ: ओवेलार, नीमिया. आकडा बरोबर. वेळेचे आणि दोन पायऱ्यांचे गुण वजा. पाचपैकी दोन. उत्तीर्ण.