नानांचा खालचा बंक

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. मोठ्यानं बोलायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही. पण ऐकाल तर एक आख्यान सांगेन. त्यात राजा नाही, राक्षस नाही, एक साधा भाविक माणूस आहे.

मी एक जुना बंकहाऊस ट्रेलर आहे. बंकहाऊस म्हणजे ट्रकमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. पुढे आईबाबांचा पलंग, मध्ये ओटा आणि जेवायचं टेबल, मागे मुलांसाठी एकावर एक असे बंक. लाकडाचा सांगाडा आणि वर पत्रा, असं माझं शरीर. पहिल्या घरानं माझं कौतुक केलं, तळ्याकाठी नेलं, मग मुलं मोठी झाली आणि मी विसरला गेलो. छताचा सांधा उकलला. बर्फ वितळे आणि पाणी थेंबथेंब माझ्या अंगात मुरे. कुणी पाहिलं नाही. शेवटी कॅनडातल्या विनिपेग शहराबाहेर, जुन्या-नव्या ट्रेलरांच्या विक्रीच्या आवारात मला आणून उभं केलं. लोक येत, बुटांनी धपधप आत फिरत आणि निघून जात. कुणी घेतलं नाही, तर मला मोडीत काढायचं ठरलं होतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी पृथ्वीराज आला. सोबत बायको ऋचा, मुलं निमिष आणि ऊर्मी, आणि सगळ्यांच्या मागे त्याचे वडील, वाल्मिकनाना. नाना गावी कीर्तनात टाळ धरून बुवांच्या मागे उभे राहायचे. इथे मुलाच्या बेसमेंटमध्ये राहत होते. कुणाला आपली अडचण होऊ नये, एवढीच त्यांना काळजी.

आधी ते माझ्या शेजारच्या नव्या, चकचकीत ट्रेलरमध्ये शिरले. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, धिस वन हॅज अ टीव्ही!" ऊर्मी ओरडली.

"आणि नाना कुठं झोपणार?" ऋचानं विचारलं.

"टेबल खाली केलं की पलंग होतो ना," पृथ्वीराज म्हणाला. "आठ जण झोपतात, लिहिलंय बघ."

मग ते माझ्याकडे आले. पायरीशी सगळ्यांनी चपला-बूट काढले. विकणारा हरजीत हसला, "अंकलजी, जूते पहन के ही आ जाइए, सब आते हैं।"

"घर आहे ना हे? मग कसं चालेल?" नाना मराठीतच म्हणाले आणि अनवाणी आत आले.

मित्रांनो, किती वर्षांनी माणसाचं उघडं पाऊल मला लागलं! नाना हळूहळू मागे गेले. खालचा बंक रुंद होता, त्याला स्वतःची खिडकी, ओढायला दार, आणि वॉशरूम दोन पावलांवर. ते बसले. हातानं गादी चाचपली. "पृथ्वी, इथं बरं आहे रे," म्हणाले. त्या माणसानं स्वतःहून काही मागितलेलं त्या घरानं क्वचितच ऐकलं असेल.

उठताना त्यांचं पाऊल बंकशेजारी किंचित खाली गेलं. ते थांबले. अंगठ्यानं पुन्हा दाबून पाहिलं. बुटांना जे कधी कळलं नव्हतं, ते त्यांच्या तळव्याला कळलं.

ते गप्प राहू शकत होते. गप्प राहिले असते तर बंक त्यांचाच होता.

"पृथ्वी, खालची फळी मऊ लागतेय. पाणी मुरलंय."

हरजीतनं वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अंकलजी, ये तो हमें भी नहीं पता था।"

"झालं! मग नवाच घेऊ," पृथ्वीराज म्हणाला.

"घ्या की," नाना म्हणाले. "माझं काय, मी बेसमेंटमध्ये थांबेन. तुम्ही मुलांना फिरवून आणा."

ऋचानं सगळ्यांना परत नव्या ट्रेलरमध्ये नेलं आणि फर्मान सोडलं, "आपापल्या जागी आडवे व्हा. सगळे. आत्ता."

"ऋचा, लोक बघतायत!"

"बघू देत."

मुलं बंकवर चढली, पृथ्वीराज पलंगावर पडला. नाना टेबलाशी बसून राहिले.

"नाना, तुम्ही?"

"मुलांचं खाणं-खेळणं होऊ दे, मग पडेन."

"आजोबा कॅन स्लीप आफ्टर अवर गेम," निमिष वरून म्हणाला.

"बघ, ऐकलंस?" ऋचा नवऱ्याकडे वळली. "नाना आठला झोपतात आणि पाचला उठतात. रोज ताटकळत बसवायचं का त्यांना? फळी बदलता येते, पृथ्वी."

पृथ्वीराज पलंगावर उठून बसला. "म्हणजे मे महिन्याचे माझे सगळे वीकेंड गेले."

"नाहीतरी सोफ्यावर लोळतच असतोस!"

अशी माझी निवड झाली. कुजलेली फळी कापली, नवी बसली, छताचा सांधा भरला. नाना शेजारी बॅटरी धरून उभे असत. मग उन्हाळ्यामागून उन्हाळे तळ्याकाठी गेले. संध्याकाळी नाना खालच्या बंकवर पडून कीर्तनातली गोष्ट गाऊन सांगत. वरून मुलं मध्येच "देन व्हॉट?" विचारत, आणि नाना तेवढ्याच प्रेमानं मराठीत पुढे सांगत.

मागच्या हिवाळ्यात नाना देवाघरी गेले. तेव्हापासून मला कुणी उघडलेलं नाही. पाठीवर बर्फ साचतं, सांधा पुन्हा कुरकुरतो. थकलोय, मित्रांनो. राग मात्र कुणावर नाही. आत आलं की खालचा बंक रिकामा दिसतो, ते घरच्यांना बघवत नसेल.

तुमच्या दारात माझ्यासारखा कुणी असेल, तर थंडीआधी त्याचं छत एकदा बघा. नवा निवडायला जाल, तेव्हा घरातलं जे माणूस काहीच मागत नाही, त्याला आधी आडवं करून बघा. आणि त्या वेळी वाल्मिकनानांची आठवण काढा. आपली जागा जातेय हे दिसत असताना ते खरं बोलले, म्हणून माझी कूज वेळीच निघाली आणि मी आज उभा आहे.