एका बाहीसाठी झालेली माझी चोरी

मी एक जुने चित्र आहे, मित्रांनो. आकाराने चहाच्या ट्रेएवढे. माझ्यात एक बाई खिडकीशी बसली आहे. तिचा उजवा हात मांडीवर निर्जीव पडला आहे आणि डाव्या हाताने, नाडीचे एक टोक दातांत धरून, ती आपल्या निळ्या बाहीच्या गाठी बांधते आहे. ही चित्रकाराची थोरली बहीण. कुणी मदत केलेली तिला खपत नसे. "लवकर आटप, मान अवघडली," असे ती त्याला रोज सांगायची. त्याने चार महिने लावले.

पुढे मी संग्रहालयात आले. विद्वानांनी माझ्या निळ्या रंगावर दोन पुस्तके लिहिली. बाई काय करते आहे, हे एकातही नव्हते. मग नवी चित्रे आली आणि मला जिन्याखालच्या खोलीत टांगले. तिथे लोक येत, ते बहुधा वाट चुकून.

एक शिंपीकाका मात्र मुद्दाम येत. चौकटीला नाक लावून बाही पाहत.

"काका, मागे व्हा," पहारेकरी म्हणे.

"अहो, मागची बाजूच बघायचीय मला."

काकांनी रीतसर अर्जही केला होता, की चित्र पाच मिनिटे उलटे करून पाहू द्यावे. उत्तर आले, आपण संशोधक असल्यास तसा दाखला जोडावा.

अखेर एका मंगळवारी दुपारी, पहारेकरी शब्दकोड्यात अडकलेला असताना, काकांनी मला कोटात घातले. कोटाला आतून माझ्या मापाचा खिसा शिवला होता. खोटे कशाला बोलू, मला इतके नीट आजवर कुणी बसवले नव्हते.

रेडिओवर जाणकार बोलू लागले. एक म्हणाले, आंतरराष्ट्रीय टोळी. दुसरे म्हणाले, एखादा अब्जाधीश तळघरात दार लावून एकटाच पाहत बसला असणार. हे सारे मी काकांच्या घरी शिवणयंत्राला टेकून, बटणांच्या डब्याशेजारी ऐकत होते.

काकूंचा उजवा हात आजारपणात लुळा पडला होता. रोज सकाळी काका त्यांना झगा घालून देत. प्रेमानेच देत, पण काकू तेवढा वेळ भिंतीकडे पाहत. माझ्यातल्या बाईला जमते ते काकूंना जमावे, एवढाच काकांचा हेतू. समोरून गाठी दिसत होत्या. बाही खांद्यामागे कशी जोडली आहे ते कळत नव्हते. आणि शिंप्याला कपडा कळतो तो उलटा केल्यावर.

काकांनी मला उलटे केले. मागे जुने कापड, आठ खिळे आणि थोडे कोळिष्टक.

काकांनी बोटाने कोळिष्टक पुसले. काकूंना हसू फुटले. आजारपणानंतरचे पहिलेच.

"चाळीस वर्षं कपडे शिवलेत, आणि चित्राला अस्तर शोधताय?"

"मग करू काय? हिची पाठ बघायची कशी?"

"हिची कशाला? माझी बघा की. मी इथेच आहे."

काकांनी त्यांना उजेडात बसवले आणि पहिल्यांदाच, मदत न करता, नुसते पाहिले. खांदा कुठे अडतो, डावा हात कुठवर पोचतो. सहा झगे बिघडले. सातवा जमला.

मग काकांनी मला धुतलेल्या चादरीत गुंडाळून संग्रहालयाच्या तिकीट खिडकीवर आणून दिले. पोलीस अधिकारी आले.

"कुणासाठी चोरलंत?"

"बायकोसाठी."

"त्या विकणार होत्या?"

"नाही हो. घालणार होत्या."

साहेबांनी लिहिले, हेतू अज्ञात. काकांना तीन महिन्यांची कैद झाली.

आता काकूंना झगा घालून द्यायला घरात कुणी नव्हते. पहिल्याच आठवड्यात त्या एकट्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. अंगात सातवा झगा, गाठी जरा वेड्यावाकड्या.

"दीड तास लागला," त्या माझ्यातल्या बाईला हळूच म्हणाल्या. "उद्या लवकर उरकायला हवं. त्यांना भेटायची वेळ नऊची आहे."

मित्रांनो, चित्रे जपा. ओला हात लावू नका, उन्हात ठेवू नका. पण एखादा माणूस चित्रासमोर रोज रेंगाळताना दिसला, तर हटकण्याआधी त्याला विचारा, घरी सगळे बरे आहे ना? मला तोंड असते तर मीच विचारले असते.