ऑरिनची वीस काडतुसं

"हात लावू नकोस!" ऑरिन खेकसला. "आणि श्वास तिकडे सोड. तराजूचा काटा हलतो."

माझ्या श्वासाने काटा हलतो म्हणे! मी याची धाकटी बहीण, साठी ओलांडलेली, आणि याच्या तळघरात मी नाक दाबून उभं राहायचं? मी मुद्दाम शिंकले.

पस्तीस वर्षं हा गावच्या धान्यकोठारावर गव्हाचे ट्रक तोलत बसला. निवृत्त झाला तरी खोड जाईना. आता बंदुकीची दारू तोलतो, दाणा न् दाणा. रिकामी पुंगळी घासायची, मोजून दारू भरायची, वर गोळी बसवायची. एका काडतुसाला वीस मिनिटं! तेवढ्यात बाकीचा मोंटाना शिकार करून घरी येतो. आणि या महाशयांनी जन्मात मारलं काय? दोन हरणं. त्यातलं एक आधीच लंगडत होतं.

"दुकानातला तयार काडतुसांचा डबा घे की," मी म्हटलं.

"तो कचरा तुझ्यासारख्यांना, आर्डिस. माझी गोळी नळीच्या आतल्या पिळदार आट्यांना नुसती टेकते. केसाचा फरक चालत नाही."

"हो रे बाबा, शास्त्रज्ञ!"

पण यंदा गोष्ट वेगळी होती. पहाडी मेंढ्याच्या शिकारीच्या परवान्यासाठी हा एकतीस वर्षं अर्ज करत होता, आणि यंदा सोडतीत नाव निघालं. एक मेंढा, एक हंगाम. त्यासाठी याने वीस काडतुसं भरली. ऑरिनला त्र्याहत्तरावं लागलेलं. पुन्हा नाव निघेपर्यंत हा कसला टिकतोय! म्हणून तर मी सोबत निघाले. एकटा गेला असता तर दरीत पडला असता.

डोंगरात तिसऱ्या दिवशी दुपारी मेंढा दिसला. मी बोट दाखवलं.

"दिसला, दिसला," ऑरिन पुटपुटला आणि त्याने काडतूस नळीत सरकवलं. तेवढ्यात मेंढा कड्याआड गेला. मधे निसरडे दगड होते. भरलेली बंदूक घेऊन ते ओलांडायचे नाहीत हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. ऑरिनने काडतूस परत बाहेर ओढलं.

पुंगळी तेवढी आली. गोळी आट्यांत रुतून नळीतच राहिली, आणि मोजून भरलेली सगळी दारू बंदुकीच्या पोटात सांडली. गोळी जरा जास्त पुढे बसवली की असं होतं. हा पराक्रम घरी काडतुसं भरणाऱ्या शहाण्यांनाच जमतो. ती गोळी ठोकून काढायची सळई खाली गाडीत, चार मैलांवर.

"केसाचा फरक ना रे?" मी म्हटलं. "घे, आता फुंकणी म्हणून वापर ती!"

तो दारूचे दाणे नखाने टिपत बसला. मला तर हसू आवरेना.

आणि नेमका मेंढा कड्यावर परत आला. शंभर पावलांवर, आडवा उभा. मी माझी बंदूक ऑरिनच्या हातात कोंबली. तिच्यात दुकानातलाच कचरा होता. त्याने निमूट खांद्याला लावली. मी वाट पाहिली. किती वाट पाहायची!

"मार ना! मुहूर्त बघतोयस का?"

त्याने बंदूक खाली घेतली.

"आर्डिस, कुठे आहे गं तो?"

"तो काय, समोर!"

"समोर सगळं करडंच दिसतंय मला. दुर्बिणीतूनही."

"कधीपासून?"

"वसंतापासून. मापाचे आकडेही दिसत नव्हते. गोळ्या अंदाजाने बसवल्या."

"आणि मला सांगितलं नाहीस, गाढवा?"

"तू हसली असतीस."

हसले असते. माझी मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून त्याचाच आणखी राग आला.

"आण इकडे," मी बंदुकीला हात घातला. "मी पाडते. कोण बघतंय इथे?"

"नको. परवाना माझ्या नावावर आहे." त्याने बंदूक सोडली नाही. मग हळूच म्हणाला, "शिंगं कशी आहेत?"

मी खाली बसले.

"पुरी वळलीयत. टोकं झिजलीत. डावं जरा जास्तच. म्हातारा आहे, छाती रुंद आहे. मानेवर जुनी खूण आहे, कुणाशी तरी भांडलेला दिसतो."

"काय करतोय?"

"उभा आहे."

"तोंड कुठे आहे?"

"आपल्याकडे. बघतोय."

ऑरिनने बंदूक मांडीवर आडवी ठेवली, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि फोटोला बसतात तसा ताठ बसला.