पापुद्र्यांमधले पाणी

मित्रांनो, मी एक जुना इलेक्ट्रोड आहे. पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीच्या पोटात माझी जागा. जाळीवर थापलेला मँगनीज ऑक्साइडचा काळा लेप, एवढेच माझे रूप. पण आत पापुद्र्यावर पापुद्रे असतात आणि त्यांच्यामध्ये थोडे पाणी. चार्ज होताना आणि वापरताना तिथून विद्युतभारित कण ये-जा करतात. पापुद्रे फुगतात, आक्रसतात आणि पुन्हा जागेवर येतात.

आम्हाला प्रयोगशाळेतल्या ताईने घडवले. ती पूर्वी लिथियमच्या बॅटऱ्या करायची. तिथे ओलावा म्हणजे शत्रू. त्या सवयीने तिने माझ्या सगळ्या भावंडांना कडक भट्टीत वाळवले. माझा कोपरा कापताना दुमडला, म्हणून मला डबीत टाकले. फार वाईट वाटले.

भावंडे बॅटरीत गेली आणि लगेच मान टाकू लागली. प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, "या पदार्थात दम नाही. उद्यापासून हे काम बंद."

ताईचा चेहरा उतरला. एवढ्या मेहनतीवर पाणी पडणार होते. "एक शेवटचा करून बघते," ती म्हणाली.

उरलो होतो मी एकटाच. भट्टी दुसऱ्यांनी अडवली होती, म्हणून मी तसाच ओला बॅटरीत गेलो. आणि चाललो. दुसऱ्या दिवशीही चालतच होतो.

"हा दुमडलेला कसा काय चालतोय?" मॅडमनी विचारले.

ताई भट्टीकडे बघत स्टुलावर बसली. "यालाच तेवढं वाळवलं नव्हतं. बाकीच्यांचं आतलं पाणी मीच काढून घेतलं, मॅडम. पापुद्रे एकमेकांना चिकटले, ते पुन्हा सुटलेच नाहीत."

"आणि मी पदार्थाला नावं ठेवत बसले," मॅडम म्हणाल्या. काम बंद झाले नाही.

मी पुष्कळ वर्षे ताईच्या टेबलावरचा दिवा लावला. पाहुणे कौतुक करायचे. मग माझेही पापुद्रे सरकले, थोडे मँगनीज विरघळून गेले, आतली रचनाच बदलली. माझ्या जागी नवे आले आणि मी खणातल्या बाटलीत.

मित्रांनो, माझ्या भावंडांची कोणी हेळसांड केली नव्हती. त्यांची काळजीच घेतली होती. तुम्हीही कोणाची काळजी घ्याल, तेव्हा ते कशावर जगते हे आधी विचारा.

ताई अजून कधीतरी खण उघडते आणि माझ्या बाटलीत पाण्याचा एक थेंब सोडते. त्याचा आता मला काही उपयोग नाही, हे तिला ठाऊक आहे.