हरवलेल्या वस्तूंच्या खोलीतला शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी मत्सरी आहे. बस आगारातल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत आठ महिने काढा, म्हणजे तुमचाही स्वभाव असाच होईल.

छापखान्यातून निघालो तेव्हा मी कोरा करकरीत होतो. शिकवणी घेणाऱ्या एका मास्तरांनी मला विकत घेतलं. तीस वर्षं त्यांच्या टेबलावर माझा काय थाट होता! मुलं अडली की ते म्हणायचे, "मला काय विचारता? त्याला विचारा." माझी शिवण उसवली तेव्हा त्यांनी बाइंडरकडून मला हिरवं कापड चढवून आणलं. आणि हेच मास्तर एके दिवशी मला बसच्या सीटवर विसरून उतरून गेले.

इथे फळीवर माझ्या शेजारी एक छत्री होती. दोन काड्या मोडलेली, मुठीला दोरा गुंडाळलेली. तिसऱ्याच दिवशी तिची मालकीण धापा टाकत आली आणि "सापडली गं बाई!" म्हणून तिला छातीशी धरून घेऊन गेली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मग एक चष्मा गेला. एक डबा गेला, त्याला तर झाकणही नव्हतं. अहो, कवळी न्यायलासुद्धा माणूस आला! मी आपला धूळ खात पडलेला. वर्ष भरलं की बेवारस पुस्तकं रद्दीत जातात, आणि माझे चारच महिने उरले होते.

ही खोली एक ताई सांभाळतात. एकदा एका परदेशी प्रवाशाची बॅग मिळाली, तिच्यावर पत्ता होता, म्हणून त्यांनी त्याला इंग्रजीत पत्र लिहिलं. ते वाचून त्यांचे साहेब हसायलाच लागले.

"ताई, बॅग कधी 'फाइंड आउट' करतात का? डिक्शनरी बघा जरा."

ताईंचे कान लाल झाले. त्यांनी मला फडक्याने पुसलं आणि उघडलं. मी सगळं सांगितलं. 'फाइंड' म्हणजे वस्तू सापडणं. 'फाइंड आउट' म्हणजे विचारपूस करून, खटपट करून एखादी गोष्ट माहीत करून घेणं. सीटखाली बॅग मिळाली, हे पहिलं. ती कोणाची, हे चार ठिकाणी विचारून कळलं, हे दुसरं. ताईंनी त्या पानावर बोट ठेवलं.

"म्हणजे आपण इथे नुसतं फाइंडच करतो," त्या म्हणाल्या. "मालक आला तर आला. फाइंड आउट कोणी करतच नाही!"

"तेवढा वेळ कोणाला आहे?" साहेब म्हणाले.

"मला आहे."

आणि त्यांनी सुरुवात माझ्यापासूनच केली. मागच्या पुठ्ठ्याच्या आत बाइंडरची चिठ्ठी होती. तिच्यावरचा नंबर लावला.

"हिरव्या कापडाची डिक्शनरी? ती मास्तरांची," बाइंडर म्हणाला आणि मास्तरांचा नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. खूप थकले होते. त्यांनी मला दोन्ही हातांत घेतलं तेव्हा मी मनात म्हटलं, बघा रे बुटांनो, बघा गं पिशव्यांनो, मलाही न्यायला आलंय कोणीतरी! तेवढ्यात त्यांनी मला उलटं धरून गदागदा हलवलं. माझ्या पानांतून घडी घातलेला एक कागद खाली पडला.

"लेकीचं पत्र," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. "घरभर शोधलं हो. फार उपकार झाले, ताई."

"आणि ही डिक्शनरी?"

"राहू द्या ती. आता सगळं मोबाइलवर मिळतं. आणि मला उचलवतही नाही."

मास्तर सही करून निघून गेले. मित्रांनो, ते पत्र माझ्याच पोटात राहिलं होतं, माझ्यामुळेच चुरगळलं नव्हतं, आणि घरी गेलं ते! त्या चतकोर कागदाचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा आजवर कोणाचाच वाटला नव्हता.

ताईंनी मला रद्दीत टाकलं नाही. मी आता त्यांच्या टेबलावर असतो. त्या रोज कोणाकोणाला पत्रं लिहितात आणि शब्द अडला की मला उघडतात. मी अर्थ सांगतो, पत्र जातं, मालक येतो, आणि कोणाची तरी पिशवी ऐटीत घरी जाते. दर वेळी माझ्या पोटात दुखतं. पण अर्थ मी अजून एकदाही चुकीचा सांगितलेला नाही.

तुमचं काही हरवलं असेल तर घरी हळहळत बसू नका, चौकशीला या. आम्हाला हाक मारता येत नाही. आणि आलात, की ज्याने तुमची वस्तू इतके दिवस पोटात सांभाळली, त्यालाही घरी घेऊन जा.